वडिलांचा पाय गुडघ्याखालून काढला आहे. कृत्रिम पाय कधी आणि कुठे बसवावा?

प्रश्न : पूर्वभागातील मुलगी

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी ३५ वर्षे यंत्रमाग चालवला. मधुमेह १४ वर्षांपासून आहे. दहा-दहा तास मागांच्या रांगेत उभ्याने फिरण्याचे काम करणाऱ्या या माणसाच्या तळपायांना जाणीवच उरलेली नाही, हे घरात कोणाच्याही लक्षात आले नव्हते. त्यामुळे चपलेतून वर आलेला खिळा उजव्या अंगठ्याखाली टोचून झालेली जखम खुद्द त्यांनाही चार दिवसांनी, पायाला वास येऊ लागल्यावर कळली. पुढे गँगरीन झाले आणि सात आठवड्यांपूर्वी गुडघ्याखाली साडेपाच-सहा इंच ठेवून पाय काढावा लागला.

टाके निघाले आहेत. मात्र घरी आल्यावर तिसऱ्याच रात्री ते लघवीसाठी उठले, पाय नाही हे झोपेत विसरले आणि सरळ त्या बाजूवर पडले. तेव्हापासून टाक्यांच्या एका कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढी जागा अजून ओलसर राहते. रुग्णालयातून सोडताना औषधे, इन्सुलिन आणि ड्रेसिंग व्यवस्थित समजावून सांगितले होते, पण बसवायचे कसे, झोपवायचे कसे, व्यायाम कोणता, याविषयी कागदावर एक ओळही नव्हती. गुडघ्याखाली उशी घेतली की त्यांना बरे वाटते, म्हणून ते दिवसभर तसेच पडून असतात आणि आता तो गुडघा पूर्ण सरळ होत नाही. रात्री नसलेल्या बोटांत गोळे येतात, असे ते सांगतात. आई म्हणते की त्यांच्या मनाने घेतले आहे.

नातेवाइकांची मते तीन दिशांना आहेत. एका दुकानदाराने आगाऊ रक्कम भरल्यास आठ दिवसांत पाय देतो असे सांगितले आहे. मामा म्हणतात की सहा महिने कशालाही हात लावू नका. आणि काकांना कोणीतरी मोफत शिबिराविषयी सांगितले आहे. आमचे घर विडी घरकुल भागात आहे, दोन खोल्यांचे, दोन्हींना उंबरे, संडास भारतीय पद्धतीचा. वडील, म्हणजे आमचे नाना, स्वतः तर म्हणतात, 'आता कशाला पाय, मी बसून राहीन.' आम्ही नेमके काय करावे, आणि कशाची घाई करावी?

उत्तर : दुसरा डाव

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातील घाईविषयीच आधी लिहितो. पाय बसवण्याची घाई करू नका, पण ती उशी आज रात्रीच काढा.

माझा डावा पाय २०११ साली मोहोळजवळ मोटारसायकलच्या अपघातात गुडघ्याखालून गेला. मी तेव्हा ३९ वर्षांचा होतो, मधुमेह नव्हता, जखम लवकर भरली, आणि तरीही मी नेमकी हीच चूक केली. उशी घेतली की ठणका कमी होतो हे खरे आहे, कारण गुडघा किंचित वाकलेला असला की मागच्या स्नायूंवरचा ताण जातो. पण तेच स्नायू तीन-चार आठवड्यांत त्या आखूड लांबीला सरावतात आणि मग गुडघा सरळ होऊ देत नाहीत. माझा गुडघा परत सरळ करायला अडीच महिने लागले आणि त्या अडीच महिन्यांत जे सोसले त्यापुढे शस्त्रक्रिया काहीच नव्हती, असे मला अजूनही वाटते. वॉकर घेऊन उभे असतानाही तो पाय वाकवून, कुबडीच्या दांडीवर टेकवून ठेवण्याची सवय लागते, तीही लागू देऊ नका.

रात्री पडण्याविषयी : हे आमच्यातल्या बहुतेकांचे होते. अर्धवट झोपेत मेंदूला दोन पाय असल्याचेच माहीत असते. खाटेच्या ज्या बाजूने ते उठतात त्या बाजूला वॉकर असा आडवा ठेवा की त्याला हात लावल्याशिवाय उतरताच येऊ नये, रात्रभर छोटा दिवा चालू ठेवा आणि लघवीचे भांडे खाटेजवळच असू द्या. मी स्वतः पहिले वर्षभर झोपताना त्या पायाला एक मऊ पट्टा बांधत असे. उठताना तो हाताला लागला की शुद्ध येई.

नसलेल्या बोटांतील गोळे हे मनाचे खेळ नाहीत, एवढे आईंना अवश्य सांगा. पाय गेला तरी त्या पायाचा मेंदूतील नकाशा जात नाही. मला पहिल्या वर्षी करंगळी कोणीतरी मागे पिरगाळते आहे असे वाटायचे, आणि ज्या बोटाला खाज सुटली आहे ते बोट जगात नाही, हे समजूनही हात तिकडे जायचा. आता महिन्यातून एखाद्या वेळी, बहुधा पावसाळी हवेत किंवा जागरण झाल्यावर होते.

दुकानदाराचे सांगतो. मलाही असेच एकाने लवकर पाय बसवून दिला होता. पहिले दोन महिने मी आनंदात होतो. मग स्टंप, म्हणजे उरलेला पाय, आटत गेला, तो ज्या साच्यात बसतो ते सॉकेट सैल झाले, चालताना आत पाय वर-खाली सरकू लागला आणि नडगीच्या हाडाच्या टोकावर फोड आला. दुकानदार म्हणाला की मोजे वाढवा. मी सहा मोजे चढवले. शेवटी फोड फुटला आणि मी पुन्हा दोन महिने कुबड्यांवर आलो. पैसे अर्थातच गेले. मधुमेह नसलेल्या माणसाची ही कथा आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत तसा एक फोड गुडघा घालवू शकतो.

'बसून राहीन' हे मीही म्हणालो होतो. त्यावर वाद घालू नका, खाट मात्र आतल्या खोलीतून दाराजवळच्या खोलीत आणा.

उत्तर : अस्थिसंधी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेहामुळे पाय गमावलेल्यांची संख्या अपघातातील रुग्णांहून जास्त असते. वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्यात तपशील घालतो. मात्र वडिलांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहितो आहे, म्हणून शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

सर्वप्रथम गुडघा. वडील दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटे, पालथे झोपतील असे पाहा. पोटाखाली आणि मांडीखाली काहीही नको, मान चांगल्या पायाच्या दिशेला वळवलेली असावी. यामुळे गुडघाच नव्हे तर जांघेचा सांधाही सरळ राहतो, आणि तो आखडला तर पुढे चालताना कंबर पुढे वाकते हे फार जण विसरतात. दम लागत असल्यास किंवा हृदयाचा त्रास असल्यास पालथे झोपवू नका. त्याऐवजी उताणे झोपवून टाचेच्या जागी, म्हणजे स्टंपच्या अगदी टोकाखाली, छोटी गुंडाळी ठेवा आणि गुडघा खाली दाबायला सांगा. खुर्चीत किंवा चाकांच्या खुर्चीत बसताना बैठकीखालून पुढे येणारी एक फळी ठेवून त्यावर पाय सरळ राहिला पाहिजे. कोणीही सुताराकडून ती अर्ध्या तासात करून मिळते.

व्यायाम तीनच सांगतो, कारण दहा सांगितले की एकही होत नाही. मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा आणि पाच अंक मोजेपर्यंत धरायचा. गुडघा सरळ ठेवून तो पाय खाटेपासून वीतभर वर उचलायचा. आणि चांगल्या कुशीवर झोपून तो पाय बाजूला वर न्यायचा, कारण चालताना कंबर तोलून धरणारा स्नायू हाच असतो. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. जोडीला हातांची ताकद : खुर्चीच्या दांड्यांवर भार देऊन बूड किंचित उचलणे. पस्तीस वर्षे माग चालवलेल्या माणसाच्या हातांत ताकद असणार, तिचा उपयोग करून घ्या.

बँडेजविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. क्रेप बँडेज गोल-गोल वेटोळे घालून कधीही बांधू नये. तसे बांधल्यास वरच्या वेढ्याचा फास बसतो आणि खालचे टोक कंदासारखे फुगते. तिरपे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्यावेत, दाब टोकाशी सर्वांत जास्त आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा असावा, आणि दर चार-पाच तासांनी सोडून, कातडी पाहून पुन्हा बांधावे. कातडी निळसर दिसली, ठणका वाढला किंवा टोक गार लागले तर लगेच सोडावे. तुमच्या वडिलांचा रक्तपुरवठा आधीच कमी असू शकतो आणि एक कोपरा ओला आहे, म्हणून किती दाब चालेल हे डॉक्टरांनी ठरवल्यावरच बँडेज बांधा. पहिल्यांदा ते कोणाकडून तरी समोर शिकून घ्या.

नसलेल्या बोटांतील त्या आभासी वेदनेसाठी जखम भरल्यावर एक साधा उपाय करून पाहता येतो. स्टंपवर आधी मऊ कापूस, मग सुती कापड, मग खरखरीत टॉवेल असे क्रमाने पाच-पाच मिनिटे हळूवार फिरवावे. तुमच्या घरात टॉवेलला तोटा नसावा. दुसरा उपाय आरशाचा, जो डॉ. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आधी हात गमावलेल्यांवर करून पाहिला आणि नंतर पायासाठीही वापरात आला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा असा ठेवायचा की त्यात चांगल्या पायाचे प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल, आणि त्या प्रतिबिंबाकडे पाहत चांगल्या पायाची बोटे सावकाश उघडायची-मिटायची. रोज पंधरा मिनिटे. सर्वांना गुण येतोच असे नाही, पण ज्यांना येतो त्यांच्या मुठीसारख्या आवळलेल्या बोटांतील गोळा सुटल्यासारखा वाटतो. झोप उडवणारी वेदना असल्यास त्यावर नसांची औषधे आहेत आणि ती डॉक्टरांनीच द्यावीत. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या वाढवू नका, मूत्रपिंडांना ते परवडणार नाही.

आता ज्याविषयी तुम्ही विचारलेले नाही त्याविषयी. डावा पाय. उजव्या पायाला जाणीव नव्हती तर डाव्यालाही बहुधा नाही, आणि येते काही महिने सगळा भार त्याच्यावरच येणार आहे. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या आणि तळवा तुम्ही स्वतः पाहा. घरातही अनवाणी चालू देऊ नका. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारची गच्ची, अंगणातील फरशी आणि देवळाच्या आवारातील दगड जाणीव नसलेल्या पायाला भाजून काढतात आणि माणसाला रात्रीपर्यंत पत्ता नसतो. दरवर्षी उन्हाळ्यात असे फोड घेऊन आलेले रुग्ण मी पाहतो. देवासमोर चपला काढण्याचा प्रश्न निघाला तर जाड मोजे किंवा स्वच्छ, फक्त देवळापुरते ठेवलेले कापडी बूट घालावेत. देव समजून घेतो, पुजारीही हल्ली समजून घेतात.

कृत्रिम पायाने चालण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला तेवढेच अंतर चालायला पूर्वीपेक्षा दहा ते चाळीस टक्के जास्त शक्ती लागते, आणि वय व मधुमेह धरता तुमच्या वडिलांचा आकडा वरच्या टोकाकडे असेल. मांडीतून पाय गेला असता तर हे ओझे बरेच वाढले असते. गुडघा वाचला आहे, हे त्यांच्या कानावर घालत राहा.

उत्तर : साचेकार

कृत्रिम अवयव बनवण्याच्या कामात मी २२ वर्षे आहे. दुकानदाराविषयी मी काही बोलणार नाही, पण ज्याच्या टाक्यांचा कोपरा ओला आहे त्याच्या पायाचा साचा घेऊच नये, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा आहे. आगाऊ रक्कम देऊ नका.

केव्हा, याचे उत्तर तारखेत नसते. जखम पूर्ण बंद झालेली असावी, गुडघा जवळजवळ सरळ होत असावा, आणि स्टंपचा घेर ठरावीक ठिकाणी टेपने मोजून पंधरा दिवसांच्या अंतराने घेतलेली मापे सारखी येत असावीत. धडधाकट माणसात हे दीड-दोन महिन्यांत जमते, मधुमेहात तीन-चार महिने लागणे नेहमीचे आहे. मामांचे सहा महिने म्हणूनच अगदीच चुकीचे नाहीत. 'कशालाही हात लावू नका' हा भाग चुकीचा आहे. गुडघ्याचा पाच-दहा अंशांचा वाक आम्ही सॉकेटच्या मांडणीत सांभाळून घेतो. तो वीस-पंचविसाच्या पुढे गेला की चांगल्यातला चांगला पायही माणसाला सतत पायरी उतरल्यासारखा चालवतो.

एक गोष्ट घरातील सर्वांना समजावून सांगा, म्हणजे पुढचा मनस्ताप टळेल. भार स्टंपच्या टोकावर येत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली जो जाड स्नायुबंध हाताला लागतो त्यावर, आणि पोटरीच्या बाजूच्या मांसल भागावर तो प्रामुख्याने घेतला जातो. नडगीची पुढची धार, हाडाचे टोक आणि बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा यांना मोकळीक ठेवली जाते. पाय काढल्यावर वाटीखाली लाली दिसली आणि ती दहा-पंधरा मिनिटांत गेली तर ठीक आहे. उंचवट्यावर किंवा टोकावर दिसली, किंवा तशीच टिकून राहिली, तर तो पाय त्या दिवशी पुन्हा घालायचा नाही आणि बनवणाऱ्याकडे न्यायचा. जाणीव कमी असलेल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहणे हीच वेदना समजायची.

पहिल्या वर्षभरात स्टंप आटतच जातो. म्हणून पहिला पाय असा घ्यावा की नळी आणि पंजा तेच ठेवून फक्त सॉकेट बदलता येईल. किंमत विचारताना पायाची विचारू नका. 'वर्षभरात सॉकेट बदलावे लागले तर किती, आणि दुरुस्तीला येणे-जाणे किती वेळा' हे विचारा. जेथे या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही तेथून उठून यावे.

कुठे, याविषयी : पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली सैनिकांसाठी सुरू झाले आणि तेथे नागरिकांनाही शुल्क घेऊन पाय बसवून देतात. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. उत्पन्न कमी असल्यास केंद्राच्या 'एडिप' योजनेतून कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कारखान्याची साधने मिळतात. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून मोफत पाय देते आणि ठिकठिकाणी शिबिरे घेते. मात्र स्पष्ट सांगतो, शिबिराचा पाय मी पहिला पाय म्हणून सुचवत नाही. शिबिर दोन दिवसांत उठते आणि स्टंप आटायला त्यानंतर लागतो.

उत्तर : दुसरा डाव

साचेकार, तुमच्या बाकी सर्व मजकुराला मान देऊन शिबिराच्या मुद्द्यावर थोडा विरोध नोंदवतो. तुम्ही दुरुस्तीविषयी म्हणता ते खरे आहे, पण आमच्या तालुक्यात जयपूर फूटवर वर्षानुवर्षे चिखलात शेती केलेली माणसे मी पाहिली आहेत. १९६८ च्या सुमारास मास्टर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो पंजा घडवला तोच मुळी अशा माणसांसाठी, ज्यांना उकिडवे बसायचे असते, मांडी घालायची असते आणि अनवाणी चालायचे असते. परदेशी पद्धतीचा ताठ घोट्याचा पंजा बुटात शोभतो, पण त्यावर उकिडवे बसता येत नाही. पहिले वर्ष पुण्यात किंवा जवळच्या कारागिराकडे काढावे आणि स्टंप स्थिरावल्यावर जयपूरचा पाय घ्यावा, असे माझे मत आहे. मी तसेच केले.

आणि सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी एक सूचना. सॉकेटमध्ये घाम साचतो, मार्चपासून जूनपर्यंत दुपारी तो अक्षरशः निथळतो, आणि ओल्या कातडीवर लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचे मऊ अस्तर, घसरला की फोड आलाच. मी पिशवीत दोन सुती मोजे आणि एक छोटा नॅपकीन ठेवतो, अकरा आणि तीन वाजता कुठेही आडोशाला बसून पाय काढतो, पुसतो, मोजा बदलतो. लायनर रात्री साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवतो. स्टंपला सकाळी तेल किंवा मलम लावू नका, लावायचे तर रात्री. पहिल्या वर्षी मला चारचौघांत पाय काढायची लाज वाटायची. आता बसस्थानकावर शेजारी बसलेले आजोबा आपुलकीने हात लावून पाहतात.

उत्तर : बाळीवेशीची सून

माझ्या सासूबाईंचा पाय मांडीतून काढला आहे, चार वर्षे झाली. वैद्यकीय बाजू वर आलीच आहे, मी घरातले लिहिते.

भारतीय संडासासाठी वर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची मिळते, मधोमध भोक असलेली. ती घेताना पायांना रबरी बूच आहे का ते पाहा, ओल्या फरशीवर ती सरकते. कृत्रिम पाय आला तरी ती खुर्ची टाकून देऊ नका, कारण रात्री-अपरात्री पाय चढवून जाणे होत नाही. उजव्या हाताला भिंतीत दांडी बसवून घ्या, आणि ती बसवताना गवंड्याला माणसाचा पूर्ण भार येणार आहे हे सांगा, नाहीतर तो टॉवेलची दांडी बसवतो. उंबऱ्यांच्या बाबतीत आम्ही आधी उतार केला होता, पण वॉकरला छोटा उतार उलट धोक्याचा ठरला. शेवटी आतला उंबरा फोडून सपाट केला. शेजारच्या आजींना ते आवडले नाही. खाटेची उंची एवढी असावी की बसल्यावर चांगला पाय जमिनीवर पूर्ण टेकेल.

दिव्यांग प्रमाणपत्राचे काम आत्ताच सुरू करा, कृत्रिम पायाची वाट पाहू नका. केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि मग तपासणीसाठी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला जायचे. शस्त्रक्रियेचे कागद, आधार कार्ड आणि छायाचित्रे सोबत ठेवा. २०१६ च्या कायद्यानुसार सवलतींसाठी ४० टक्के ही मर्यादा आहे आणि गुडघ्याखालून पाय गेल्यास टक्केवारी तिच्या वर बसते. एसटीच्या साध्या बसला ७५ टक्के सवलत मिळते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांना रेल्वेतही सवलत असते, पण तिचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो. पुण्याला वारंवार जावे लागणार असेल तर याचा हिशेब लहान नाही. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येते.

कामाविषयी. सासूबाई विड्या वळायच्या, आणि ते बसूनच करायचे काम असल्यामुळे त्या दोन महिन्यांत पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसल्या. आम्हाला आनंद झाला, घरात पूर्वीसारखे वाटू लागले. पण सकाळी आठ ते सहा बसून त्यांचा जांघेचा सांधा असा आखडला की आज त्यांना पाय लावून नीट उभे राहता येत नाही. म्हणून तुमच्या वडिलांना मागावर उभे राहणे जमणार नसले आणि ते कांड्या भरणे, टॉवेलच्या काठाची शिलाई किंवा घड्या घालून मोजणी असे बैठे काम मागू लागले तर द्या, अवश्य द्या, पण दर तासाला उठवा आणि दुपारी पालथे झोपवा. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

प्रश्नकर्तीकडून : पूर्वभागातील मुलगी

अकरा आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला, क्षमा असावी. आगाऊ रक्कम दिली नाही. ओला कोपरा डॉक्टरांना दाखवला, तेथे आत टाक्याच्या धाग्याचा तुकडा राहिला होता, तो काढल्यावर तीन आठवड्यांत जखम बंद झाली. गुडघा फिजिओथेरपिस्टनी मोजला तेव्हा बावीस अंश वाकलेला होता, आता सहा-सात अंश उरला आहे. पालथे झोपायला नाना पहिले काही दिवस तयारच नव्हते. मग आईने त्यांच्या आवडीच्या मालिकेच्या वेळीच खाट टीव्हीकडे तोंड करून लावली आणि प्रश्न मिटला. आरशाचा उपाय त्यांनी चार दिवस करून सोडून दिला, टॉवेलचा मात्र ते स्वतःहून करतात आणि कोणत्या कारखान्याचा टॉवेल किती खरखरीत आहे यावर मते देतात. रात्रीचे गोळे कमी झाले आहेत, गेलेले नाहीत.

खाट बाहेरच्या खोलीत आणल्याचा परिणाम मात्र आम्हाला अपेक्षित नव्हता. कारखान्यातील त्यांचे जुने सोबती पाळी सुटल्यावर दारात थांबू लागले. त्यांतील एकाने विचारले की जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, येणार का, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला. नानांनी त्या दिवशी काही उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या सकाळी मला विचारले की साचा घ्यायला पुण्याला कधी जायचे आहे. पंधरा-पंधरा दिवसांनी घेतलेली स्टंपची दोन मापे सारखी आली आहेत आणि पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे. जाताना काय काय बरोबर न्यावे, आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी त्यांना घेऊन जाणे योग्य ठरेल का?

उत्तर : साचेकार

गर्दीत नव्या पायाने उभे राहू देऊ नका. मागून आलेला एक धक्का पुरेसा असतो. मिरवणुकीच्या वाटेवर कोणाच्या तरी ओट्यावर खुर्ची टाकून बसवा, आणि चालण्याचा सराव गड्डा उठल्यावर मोकळ्या मैदानावर करा.

पुण्याला जाताना साखरेचे ताजे अहवाल, शस्त्रक्रियेचे कागद, सैल चड्डी किंवा गुडघ्यावर सहज सरकणारी पँट आणि दुपारचा डबा घ्या, कारण साचा झाल्यावरही बराच वेळ थांबावे लागू शकते. सकाळी इन्सुलिन घेतले आणि खाणे लांबले असे होऊ देऊ नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढे ते जे पायताण रोज वापरणार आहेत त्याचा पूर्ण जोड बरोबर न्या. चप्पल नको, मागे पट्टा असलेले, पुढून बंद, आत खिळा नसलेले मधुमेहींचे बूट आधी घ्या आणि मगच जा. टाचेची उंची अर्ध्या इंचाने जरी बदलली तरी पाय पुढे किंवा मागे कलतो, आणि मग सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.